सोन्याला कीड लागत नाही

तुम्ही कधी दुसऱ्याच्या तोंडात राहून पाहिलंय का? मी राहिलोय. मी एर्मिनियोचा सोन्याचा दात बोलतोय.

खरं तर मी नुसता वरचा मुलामा. खालचा दात त्याचा स्वतःचा. लेम्पा नदीकाठच्या आमच्या गावात ऊसतोडीच्या पहिल्या कमाईतून कुणी गाय घेत नाही, समोरचा दात मढवून घेतात. मग लग्न जमतं. डेल्मीशी त्याचं जमलं ते माझ्यामुळे, असं मी मानतो. डेल्मी मानत नाही.

सोन्याला कीड लागत नाही, असं गावात सगळेच म्हणतात. म्हणून एर्मिनियो बाकीचे दात घासायचा आणि मला शर्टाच्या बाहीने पुसायचा. देव्हाऱ्यातल्या मूर्तीला तरी अंघोळ मिळते.

भर उन्हात ऊस तोडता तोडता त्याच्या किडन्या गेल्या. साखर गेली बोटीतून, तो गेला डायलिसिसला. पाणी मोजून प्यायचं, मीठ बंद. तोंड कोरडं, जिभेवर सतत गंजलेल्या लोखंडाची चव. त्यात माझ्याखाली पू साचू लागला. मी वरून चमकत होतो, ते माझं कामच.

"जरा तिकडे तोंड करून बोला," डेल्मी म्हणायची. पुढे तो बोलायचाच कमी झाला. जेवण समोर येई, तसंच परत जाई.

थोरली बहीण रोसाउरा किडनी द्यायला तयार झाली. तपासण्या जुळल्या. शेवटी दातांच्या डॉक्टरीणबाईंची सही तेवढी राहिली. एर्मिनियो माझ्यासकट ऐटीत हसला. बाईंनी एक्स-रे काढला.

"काका, वर दागिना, खाली पू. नवी किडनी बसली की औषधांनी अंगाची रोगाशी लढायची ताकद मुद्दाम दाबतात. हा पू तेव्हा जीव घेईल. दात काढल्याशिवाय सही नाही."

"सोन्याला कीड लागत नाही, बाई."

"सोन्याला नाहीच लागलेली."

तो उठून निघाला. दारात रोसाउरा उभी होती.

"मेल्या, मी पोटातली किडनी काढून द्यायला बसलेय, आणि तुझ्याच्याने एक दात सुटत नाही?"

"माझ्याकडे दाखवण्यासारखं तेवढंच उरलंय, ताई."

"मग दाखव. तिरडीवर फार शोभेल."

तो परत खुर्चीत बसला. दुपारी मी निघालो, माझ्याबरोबर काय काय निघालं ते सांगत नाही. बाई म्हणाल्या, "जखम भरली की सही करते." मला डेल्मीने बटणांच्या डबीत टाकलं. इथली बटणं मला मान देत नाहीत.

तुमच्या तोंडात माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याला पुसत बसू नका. त्याच्या कडेने, हिरडीशी ब्रश फिरवा. त्याचं ऐकू नका, तो स्वतःबद्दल चांगलंच सांगणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी एर्मिनियोने मक्याच्या पेजेचा घोट घेतला आणि म्हणाला, "डेल्मी, यात मीठ नाहीये गं." दोन वर्षं मीठ न घालणारी डेल्मी त्याच्या अगदी जवळ जाऊन बसली.