सबीच्या पायाखालची मॅट

मी बोलतेय ती पायाखालून, तेव्हा आवाज जरा दबका वाटला तर समजून घ्या. जिच्यावर जन्मभर टाचाच टेकल्या, तिचा आवाज मोठा कुठून होणार? मी एक काळी रबरी मॅट आहे. गाडीत ड्रायव्हरच्या पायाखाली अंथरतात ना, ती.

माझा जन्म एका तापलेल्या साच्यात झाला. वितळलेल्या रबराचा गोळा आत टाकला, वरून झाकण दाबलं आणि मी बाहेर आले. अंगावर उभ्या रेघा, कडेला उंच काठ. माझ्यासोबत तीन बहिणी निघाल्या. आमची चौघींची वळकटी करून, दोरीनं बांधून आम्हाला असेनोव्हग्राद शहराच्या बाजारात पाठवलं. तिथला दुकानदार दिवसभर ओरडायचा, "कोणत्याही गाडीला बसते! कोणत्याही गाडीला!" मला ते ऐकून बरं वाटायचं. पुढे कळलं, जी सगळ्यांना बसते ती कुणालाच नीट बसत नाही.

मला विकत घेतलं ते सबीनं. डोंगरातल्या ड्रेनोवो गावचा हा माणूस लाकडाच्या गिरणीत राबला आणि निवृत्त होताना त्यानं आयुष्यातली पहिली कोरी गाडी घेतली. निळी, चार दारांची. त्या गाडीला तिच्या स्वतःच्या मॅट होत्या. राखाडी कापडाच्या, पिवळी किनार असलेल्या. पण सबीच्या बायकोनं, दाफिनानं, त्या पाहिल्या आणि कपाळाला हात लावला.

"एवढं देखणं कापड! आणि त्यावर तू गोठ्यातले बूट ठेवणार?"

"मग कुठे ठेवू? डोक्यावर?"

"डोक्यावर ठेव, पण यावर नको."

तिनं त्या चारही मॅट वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि कपाटावर ठेवून दिल्या. या घरात चांगली वस्तू कपाटावरच जाते. लग्नातले कॉफीचे पेले, भरतकाम केलेले टॉवेल, सबीचे चामड्याचे बूट, सगळं तिथंच. आणि वापरायला मग माझ्यासारखी येते.

सबीनं मला गाडीत टाकलं. एक कोपरा मोठा होत होता, तो द्राक्षवेल छाटायच्या सुरीनं कापला. मी आडवी झाले तेव्हा पोटाला काहीतरी टोचलं. गाडीच्या तळातून दोन छोट्या खुंट्या वर आल्या होत्या, जिथे टाच टेकते तिथेच. त्या कशासाठी होत्या हे मला ठाऊक नव्हतं. सबीलाही नव्हतं. मी त्यांच्यावर तशीच पडून राहिले. खडे असलेल्या अंथरुणावर माणूस झोपतो, तशी.

आणि मी सरकू लागले.

सबी ब्रेक दाबायचा, टाच मला पुढे लोटायची. बोटभर आज, बोटभर उद्या. ड्रेनोवोचा रस्ता सगळा उताराचा, त्यामुळे मीही कायम उतारालाच लागलेली. मग सबी काय करायचा, तर टाचेनं मला मागे ओढायचा. झोपेत पांघरूण ओढतात ना, तसं. पुढे त्याचं त्यालाही कळेनासं झालं की आपण हे करतो. त्याच्या बुटाचा रबरी तळवा आणि माझं रबर, दोन्ही एकमेकांना धरायचे. मी पुढे जायचे, तो मागे आणायचा. अशी आमची वर्षं गेली.

उपाय झाले नाहीत असं नाही. दाफिनानं माझ्याखाली बटाट्याचं पोतं घातलं. मग मी पोत्यासकट सरकले. सबीनं दोन्हीकडून चिकटणारी पट्टी आणली. उन्हाळ्यात ती वितळून शेंबडासारखी झाली. शेवटी त्यानं तंबाखूची पानं ओवायचा दोरा घेतला आणि माझा काठ सीटच्या पायाला बांधला.

"बकरी बांधलीस का?" दाफिनानं विचारलं.

"बकरीच आहे ही. सोडली की पळते."

दोरा महिनाभरानं तुटला. पुन्हा कुणी बांधला नाही. माणसाला खालचं दुखणं लवकर सवयीचं होतं.

सबी म्हातारा झाला. त्याचा मुलगा वर्बान प्लोवदिव शहरात सातव्या मजल्यावर राहायला गेला. गावची बस आधी रोज यायची, मग आठवड्यातून दोनदा येऊ लागली. आता गाडी होती म्हणून हे दोघं ड्रेनोवोत होते. पाव आणायचा, औषध आणायचं, बकऱ्यांचं खाद्य आणायचं, सगळं गाडीवर. वर्बान आला की एकच विषय काढायचा.

"बाबा, गाडी विकू. तुम्ही दोघं माझ्याकडे चला. लिफ्ट आहे, दवाखाना खाली आहे."

"आणि आलुबुखाराची झाडं? ती लिफ्टनं आणू?"

"थट्टा करू नकोस. एक दिवस काहीतरी होईल."

"होईल तेव्हा बघू."

आणि तो दिवस आला. म्हातारपणी गाडी चालवायची तर डॉक्टरचा कागद लागतो, त्यासाठी सबीला शहरात जायचं होतं. वर्बान मुद्दाम आला होता. सबीनं कपाटावरचे चामड्याचे बूट काढले. डॉक्टरसमोर गोठ्यातल्या बुटांनी कसं जायचं? आणि दाफिना तांब्याचं भांडं भरून दारात उभी राहिली, त्यात अंगणातल्या सुगंधी पाल्याची काडी. महत्त्वाच्या कामाला माणूस निघाला की आमच्याकडे बाई त्याच्या वाटेत पाणी ओतते. काम पाण्यासारखं वाहत जावं म्हणून.

"पाण्यासारखं सुरळीत जाऊ दे रे म्हाताऱ्या!" असं म्हणून तिनं भांडं रिकामं केलं. सबी त्या ओल्यातून चालत आला आणि गाडीत बसला.

चामड्याचे गुळगुळीत तळवे, वर पाणी. मला तेव्हाच कळलं की आज हा मला धरू शकणार नाही.

गावाखालच्या वळणावर दगडी पाणवठा आहे. तिथवर उतार सरळसोट. सबीनं ब्रेक दाबला, मी पुढे गेले. त्यानं नेहमीसारखी टाच मागे ओढली, पण टाच माझ्यावरून निसटली. त्यानं पुन्हा दाबलं, मी दुमडले आणि माझीच घडी ब्रेकच्या खाली अडकली. पेडल वर, मी मध्ये, आणि खाली तळ. पेडल उतरणार कसं? पाणी भरणारी एक बाई डबा टाकून पळाली. वर्बाननं हँडब्रेक ओढला. गाडी दगडी हौदाला धडकून थांबली.

"ब्रेक कुठे आहे आणि तुझा पाय कुठे आहे!" वर्बान ओरडला. तो पांढराफटक पडला होता.

"दाबला मी," सबी म्हणाला. मग थोड्या वेळानं, "दाबला नव्हता का?"

मला बोलता येत असतं तर तेव्हा बोलले असते. पण सबीनं घाबरून पाय मागे घेतला, तशी मी उलगडले आणि सपाट झाले. खाली कुणी पाहिलंच नाही. सगळे पुढे वाकलेल्या पत्र्याकडे बघत होते.

डॉक्टरकडे जाणं राहिलं. वर्बाननं गाडी अंगणात आणून लावली आणि चावी खिशात घातली. पत्रा ठोकून घेतला की गिऱ्हाईक बघणार होता. बकऱ्या कुणाला द्यायच्या, ते दाफिना शेजारणीला विचारून आली.

त्यानंतरच्या दुपारी मला विसरता येत नाहीत. सबी अंगणात यायचा, दार उघडायचा आणि बंद गाडीत बसायचा. पायात तेच गोठ्यातले बूट. कोरडे. ब्रेक दाबायचा. पेडल नीट खाली जायचं. पुन्हा दाबायचा. पुन्हा जायचं. कारण या बुटांची टाच त्याच्या नकळत मला मागे ओढत होती.

"ब्रेक तर चांगला आहे," तो स्वतःशीच म्हणायचा. "म्हणजे मीच."

इतकी वर्षं पायाखाली राहिले, पण एवढं ओझं अंगावर कधी आलं नव्हतं.

एका सकाळी वर्बान आला. गिऱ्हाईक मिळालं होतं. सबी म्हणाला, "मीही येतो शहरापर्यंत. तिच्याबरोबर." तो शेजारच्या सीटवर बसला. या गाडीत त्या बाजूला तो पहिल्यांदाच बसत होता. पट्टा कुठे अडकवायचा ते त्याला सापडेना. वर्बान चांगले शहरी बूट घालून आला होता. आणि दारात दाफिना उभी होती, भांडं घेऊन.

"आई, गाडी विकायला चाललोय. त्याला कसलं पाणी?"

"गाडीला नाही रे. तू चाललायस ना." आणि तिनं ओतलं.

वर्बान ओल्यातून आला. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. तोच उतार, तोच पाणवठा. वर्बाननं ब्रेक दाबला, मी गेले. त्याच्या टाचेला तर मला ओढायची सवयही नव्हती. मी पेडलखाली जाऊन घडी झाले. वर्बाननं सगळा जोर लावला. पेडल मऊ लागलं आणि अर्ध्यात अडलं.

तेव्हा सबीचा हात हँडब्रेकवर गेला. घाई नाही, ओरडा नाही. त्यानं तो हळूहळू वर ओढत नेला, आणि गाडी हौदापासून हातभर अंतरावर उभी राहिली.

सबी मुलाकडे वळला.

"पाय कुठे होता रे?" सबीनं विचारलं. त्याच्या विचारण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"ब्रेकवर," वर्बान म्हणाला. "शप्पथ, बाबा. ब्रेकवरच आहे. अजून आहे."

आणि पाय न उचलता तो खाली वाकला. दोरा तुटल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी वाकून पाहिलं. पेडलखाली अडकलेली माझी घडी त्यानं पाहिली. मला ओढून बाहेर काढलं. मग तळाकडे बघत राहिला.

"या खुंट्या कसल्या?"

"काय माहीत. गाडीबरोबरच आल्यात."

"गाडीबरोबर मॅट नव्हत्या आल्या? भोकं असलेल्या?"

"आल्या होत्या की. चांगल्या आहेत. कपाटावर ठेवल्यात तुझ्या आईनं."

वर्बाननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडतोय, पण तो हसत होता. मग खरंच रडला. "त्या दिवशी मी तुला काय काय बोललो," तो म्हणाला.

"बोललास ते बोललास. मलाही ते पटलं होतं, त्याचंच वाईट वाटतं." सबी दार उघडून उतरला, गाडीला वळसा घालून त्याच्या बाजूला आला. "सरक तिकडे. तुझे पाय कापतायत."

मला त्यांनी डिकीत टाकलं. तिथे अंधार होता, लाल मिरच्यांचा जुना वास होता. गाडी वळली, वर चढली, आणि चढावरच्या प्रत्येक वळणाला मी कान देऊन होते. ब्रेक लागला. सुटला. लागला. सुटला. मी नसताना सगळं कसं सरळ चाललं होतं! मला वाईट वाटलं नाही. थकवा मात्र एकदम जाणवला.

घरी वर्बाननं आईला कपाटाकडे बोट दाखवलं. "कशासाठी ठेवल्या होत्यास त्या?"

"तुझ्या लग्नात गाडी सजवायची होती," दाफिना म्हणाली. "तू सासऱ्याच्या गाडीतून वरात काढलीस. मग मी कशाला उतरवू?"

वर्तमानपत्र पिवळं पडलं होतं, मॅट कोऱ्या होत्या. ड्रायव्हरच्या बाजूच्या मॅटच्या भोकांत त्या दोन खुंट्या टक् टक् करून बसल्या. वर्बाननं ओढून पाहिलं. हलली नाही. त्यानं चावी टेबलावर ठेवली, बापाच्या बाजूला, आणि गिऱ्हाइकाला फोन केला.

आता मी कुठे आहे? ओसरीच्या लाकडी पायरीवर. सबीनं मला तिथे अंथरलं आणि दोन खिळे ठोकले. आयुष्यभर जी दोन भोकं मला नव्हती, ती अशी मिळाली. दुखलं थोडं. पण आता पाणी वाटेत ओतत नाहीत, दारातच, माझ्या अलीकडे ओततात. माणूस ओल्यातून चालतो, मग माझ्यावर बूट पुसतो आणि मग गाडीत बसतो. दाफिनाचा शकुन होतो आणि पायही कोरडे राहतात.

तुम्हालाही एक विनंती करते. गाडीत बसाल तेव्हा एकदा खाली वाका. तुमच्या टाचेला काही मागे ओढायची सवय लागली आहे का बघा. एका मॅटवर दुसरी मॅट अंथरू नका. आणि चांगली म्हणून जी जपून ठेवली आहे, ती काढा.

काल सबी पुन्हा डॉक्टरकडे गेला. पायरीवरून पाणवठ्याचं वळण दिसतं. तिथे गाडीचे मागचे लाल दिवे लागले, विझले, आणि गाडी पुढे गेली. दाफिना रिकामं भांडं हातात धरून तेवढं बघून आत गेली.

संध्याकाळी तो आला. खिशातला कागद काढून त्यानं तिला खिडकीतून दाखवला. मग पायरीवर उभं राहून बूट पुसू लागला, आणि जुन्या सवयीनं त्याच्या टाचेनं मला मागे ओढलं.

मी हलले नाही.