बक्कल नसलेला पट्टा

बक्कल हा चामड्याच्या कामातला चोर, असं कारागिराचं ठाम मत. पट्टा दगा देतो तो बक्कलापाशीच. म्हणून काळ्या आणि तांबडी या आपल्या दोन्ही कुत्र्यांचे पट्टे त्याने थेट स्वतःच्या कमरपट्ट्याला शिवून टाकले होते, आणि कमरपट्ट्यालाही बक्कल नव्हतं. रोज सकाळी बायको पाठीमागून चार टाके घालायची, फिरून आला की उसवायची. कुत्री कमरेला, हात खिशात. थंडीत माणसाला आणखी काय पाहिजे!

त्या सकाळी जंगलातलं गवत पायाखाली काचेसारखं मोडत होतं. सोबत मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. पाहुणा म्हणून आलेला आणि परतायचं नाव न घेणारा.

"दाजी, समजा कुत्री उधळली तर?"

"तर मीही उधळेन. तुझ्या ताईशी लग्न केल्यापासून सवय आहे."

तेवढ्यात झुडपातून रानडुक्कर निघालं. म्हशीएवढं, असं कारागीर पुढे सांगायचा. आपण रेडकाएवढं धरू. काळ्याने झेप घेतली, मागोमाग तांबडीने, आणि कारागीर खिशातल्या हातांसकट तोंडावर आपटला. पुढचे दोन दात तिथेच राहिले. डुकराने काळ्याला सुळ्यावर घेऊन बुंध्यावर हाणलं. त्याची मान वाळक्या फांदीसारखी मोडली. मग डुकराने तांबडीचं पोट टरकन फाडलं. तांबडी म्हणजे कारागिराचा जीव. गटाराकाठी सापडलेलं पिल्लू, बाटलीने दूध पाजून वाढवलेलं.

मेहुणा तोवर झाडावर.

"चाकू! अरे, तुझा चाकू टाक!"

"घ्या दाजी!"

चाकू आला तो नेमका दाजींच्या मांडीत रुतला.

"नेम बघा मुडद्याचा!" म्हणत कारागिराने तो उपसला.

पट्टे कापले की तो मोकळा. पण तांबडी डुकराच्या खुरांखाली होती. त्याने पट्टे कापले नाहीत. मेलेल्या काळ्याला कमरेने ओढत तो सरपटत पुढे गेला आणि चाकू डुकराच्या गळ्यात मुठीपर्यंत खुपसला, फिरवला, पुन्हा खुपसला. डुकराने सुळा त्याच्या खांद्यातून आरपार काढला. दोघं फुरफुरत एकमेकांच्या तोंडावर रक्त उडवत राहिले. शेवटी डुकराचे पाय दुमडले आणि ते धूड त्याच्याच अंगावर कोसळलं.

मेहुणा उतरला. "दाजी, आहात ना?"

"नाही, गेलो! ढकल हे आधी!"

तांबडीचं आतडं बाहेर आलं होतं, पण श्वास चालू होता. कारागिराच्या कॉलरला सुई-दोरा नाही, असं कधी व्हायचंच नाही.

"जबडा धर तिचा."

"चावेल हो!"

"पोट तिचं फाटलंय आणि बोंबलतोयस तू!"

पहिल्याच टाक्याला तांबडीने मेहुण्याचा अंगठा कडकन फोडला. मेहुण्याचे डोळे फिरले आणि तो डुकराशेजारी आडवा झाला. कारागिराने मान वर केली नाही. "झालं गं बाई, झालं," असं फुटक्या ओठांनी पुटपुटत त्याने शेवटची गाठ मारली आणि तिच्या नाकापाशी गाल नेला. ऊब लागली.

धड खांदा एकच होता, आणि न्यायचे जीव दोन. काळ्याचा पट्टा कापून त्याने आपलं जाकीट मेहुण्यावर टाकलं, तांबडीला खांद्यावर घेतलं आणि लंगडत घराची वाट धरली. मेहुणे त्याला आणखी दोन होते, तांबडी एकच.