स्वयंपाकघर नंबर दोन

आमच्या गावात घर हलवायचं तर कोणी कंपनीबिंपनी ठरवत नाही. ट्रॅक्टरवाल्याला सांगायचं, चार घरी हाक मारायची, झालं. मग कपाट कोणी धरायचं यावरून वादावादी होते, पलंग दारात अडकतो, प्रत्येक जण दुसऱ्याला अक्कल शिकवतो, आणि दुपारपर्यंत कसंबसं सगळं पार पडतं. म्हणून मी शहरातले मूव्हर्सवाले ठरवलेत हे कळल्यावर पिठाच्या गिरणीवाल्याने मला भर रस्त्यात अडवलं.

"काय हो सिस्टर, आम्ही सगळे मेलो होतो का?"

"तुमची पाठ धरलीय ना? गोळ्या मीच दिल्यात. कपाटं उचलायच्या गोष्टी नका करू."

तेवीस वर्षं इथल्या दवाखान्यात नर्स होते मी. लोकांना गप्प बसवणं हा माझ्या कामाचाच भाग होता. पण खरं कारण गिरणीवाल्याला सांगण्यासारखं नव्हतं. चार घरी हाक मारायची म्हटली की पहिली हाक टेलरबाईला मारावी लागली असती, आणि तिला मी अजून सांगितलंच नव्हतं की आम्ही चाललोय.

टेलरबाई म्हणजे माझी शेजारीण. एका मालकाचं लांबलचक घर, मधोमध भिंत घालून दोन बिऱ्हाडांना दिलेलं. पुढे अंगणं दोन, पण मागे पडवी एकच. पडवीत एक नळ, आणि नळाच्या अलीकडे-पलीकडे आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांची दारं. ती दिवसा कधी लागलीच नाहीत. नवरा गेल्यापासून ती एकटीच राहते, गावभरचे कपडे शिवते आणि गावभर भांडते. तिला पुरून उरणारी मी एकटीच, म्हणून आमचं जमलं.

आता तुम्ही म्हणाल, इतकं जमत होतं तर सांगितलं का नाही? सांगायला गेले होते हो! तीनदा गेले. ह्यांच्या गुडघ्यांनी पार हात टेकलेत, मुलीने तिच्या घराखालच्या दोन खोल्या आमच्यासाठी रिकाम्या करून ठेवल्यात, डॉक्टर तिथून हाकेच्या अंतरावर. सगळं पाठ करून गेले होते. पहिल्यांदा ती म्हणाली, बस, चहा टाकते. दुसऱ्यांदा म्हणाली, ही बाही धर जरा. तिसऱ्यांदा काहीच म्हणाली नाही, नुसती हसली, आणि माझी जीभच उचलेना. शेकडो लोकांना नको त्या बातम्या सांगितल्यात मी. इथे मात्र पार शेपूट घातलं.

दरम्यान मूव्हर्सवाल्यांच्या मुकादमाने फोनवरच घर पाहून घेतलं. ही त्यांची पद्धत. व्हिडिओ लावायचा, आपण फोन हातात धरून घरभर फिरायचं आणि तिकडे तो वहीत लिहून घेणार. मी पुढची खोली दाखवली, झोपायची खोली दाखवली, मग पडवीत आले. टेलरबाई बाजाराला गेली होती, तेवढीच संधी साधली होती.

"ही दोन दारं कसली?" मुकादमाने विचारलं.

"ती ना, स्वयंपाकघरं," मी म्हटलं. "हे इकडचं, ते तिकडचं. तसं सगळं एकच आहे."

आता ह्यात मी खोटं काय बोलले? माझा मोठा कुकर तिच्याकडे, तिची परात माझ्याकडे, मीठ संपलं तर जो डबा जवळ असेल तो. तेवीस वर्षांत ही दोन घरं आहेत हे माझ्या डोक्यातून पुसूनच गेलं होतं. मुकादमाने मान हलवली आणि काहीतरी लिहिलं.

मग एके दिवशी हा शहाणा माणूस रस्ता बघायला मोटारसायकलवरून स्वतः आला आणि नेमका टेलरबाईच्या अंगणात थांबला. मी घरी नव्हते. त्याने विचारलं, "सिस्टरांचं सामान भरायचंय त्या दिवशी ट्रॅक्टर इथे वळेल का?" तिने त्याला जागा दाखवली, पाणीही दिलं म्हणे. मग घरात गेली आणि पडवीकडचं दार लावून घेतलं.

झालं. बारा दिवस तोंडाला कुलूप. मी नळावर गेले की ती आत, ती नळावर आली की मी दाराआड. ह्यांनी मध्यस्थी करून पाहिली, तर तिने ह्यांना चहा पाजला, गुडघ्यांची चौकशी केली आणि माझं नाव काढताच मशीन इतक्या जोरात चालवलं की हे आल्या पावली परत आले.

"तूच जा आणि माफी माग," हे म्हणाले.

"मी का? तिने एकदा तरी विचारायचं होतं."

"काय विचारायचं होतं?"

चूक माझी होती, मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच पाऊल उचलत नव्हतं. मला एवढंच हवं होतं की ट्रक हलायच्या आत तिने माझ्याशी एक शब्द बोलावा. शिवी चालली असती.

सामान हलवायच्या दिवशी सकाळी सातलाच मुकादम हजर झाला, बरोबर तीन दांडगे गडी. ट्रक फाट्यावर उभा केलेला, कारण ओढ्यावरच्या अरुंद मोरीवरून तो इकडे येतच नाही. तिथपर्यंत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून न्यायचं. मुकादमाच्या कानामागे पेन, हातात चिकटपट्टीचं रीळ, आणि बोलणं असं की जणू ऑपरेशनच करायला आलाय.

"मावशी, आमचा नियम असा. काचेचं आणि स्वयंपाकघराचं सगळ्यात आधी. ट्रकमध्ये ते केबिनला लागून जातं, तिथे दणके कमी बसतात. त्याच्यामागे बाकीचं. एकदा भरलं की मधलं काही निघायचं नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो."

"भरा बाबा," मी म्हटलं. तेवढ्यात मला दिसलं की टेलरबाईचं पडवीकडचं दार उघडं आहे. नळाला पाणी आलं होतं म्हणून असेल. पण पाणी भरून झाल्यावरही तिने ते लावलं नाही. मी मनात म्हटलं, चला, बर्फ वितळतोय. आता जरा ताणून धरलं की येईलच बोलायला. आणि मी मुद्दाम पुढच्या खोलीत जाऊन बसले, ह्यांच्या पुस्तकांवरची धूळ झटकत.

तासाभराने पहिली ट्रॉली भरून गेली. मुकादम घाम पुसत आला.

"मावशी, दोन्ही स्वयंपाकघरं झाली. तुमचं दोन नंबरचं भारी नीटनेटकं हो. डब्यांवर नावं काय, झाकणं काय! पहिल्यासारखं नाही."

"दोन नंबरचं म्हणजे?"

त्याने वही पुढे केली. तिथे सुंदर अक्षरात लिहिलेलं: स्वयंपाकघर नंबर दोन, तेरा खोकी.

"अहो, ते माझं नाही! ते शेजारणीचं आहे!"

"पण तुम्हीच म्हणालात सगळं एकच आहे. आणि त्या बाई तिथेच होत्या की. आमच्या माणसाने विचारलं, काकू, हे पण घ्यायचं ना? तर म्हणाल्या, मला काय विचारता, जिचं चाललंय तिला विचारा."

"मग मला विचारलंत?"

"तुम्ही म्हणालात, भरा बाबा."

मी पडवीत धावले आणि दारातून डोकावले. रिकाम्या फळ्या, रिकामा ओटा, भिंतीवर नुसते खिळे. शेगडीसुद्धा गेलेली. मधोमध एक स्टूल आणि त्यावर टेलरबाई, हातात कोणाच्या तरी शर्टाची कॉलर, टाके घालत बसलेली. जणू तिच्या घरातून तेरा खोकी रोजच जातात. तिने मान वर केली, मला पाहिलं, दोऱ्याला गाठ मारली आणि परत मान खाली घातली.

आता खरं तर मी तिथेच बोलायला हवं होतं. पण मला वाटलं, अरे वा, म्हणजे ही मला जाळ्यात पकडायला बसलीय! आख्खा संसार जाऊ देईल, पण पहिला शब्द माझ्याकडूनच वदवून घेईल. तर मग मीही बघते. भूक लागली की मागेल ना स्वतःचा तवा! आणि मी तशीच मागे फिरले. होय, फिरले. तुम्ही तिला ओळखत नाही आणि मलाही.

"अगं, वेड लागलंय का तुला?" हे कधी नव्हे ते ओरडले. "त्या बाईकडे पाणी प्यायला भांडं राहिलं नाही!"

"तोंड राहिलंय ना?"

हे कपाळावर हात मारून पलंगावर बसले, तर गड्यांनी त्यांना उठवून पलंगही नेला. कपाट गेलं, टेबल गेलं, पुस्तकं गेली. दुसरी ट्रॉली गेली, तिसरी गेली. प्रत्येक ट्रॉलीला मी पडवीत एक फेरी मारायची, विनाकारण नळ सोडायचा, विनाकारण बंद करायचा, खाकरायचं. आतून काही नाही. नुसता कात्रीचा आवाज. एकदा वाटलं ती रडतेय, पण नाक ओढल्याचा तो आवाज माझाच होता.

शेवटी घरात दोन खुर्च्या, एक पिशवी आणि हे उरले. मुकादम सही घ्यायला आला.

"मावशी, ट्रक भरला. ह्या चौथ्या ट्रॉलीत खुर्च्या टाकतो, तुम्ही पण बसा, निघू. सही करा."

मी पेन हातात घेतलं. स्वयंपाकघर नंबर दोन, तेरा खोकी. त्या ओळीखाली सही केली असती तर मी तिचे डबे घेऊन निघून गेले असते आणि ती न बोलता तिथे बसून राहिली असती. ती खरंच बसली असती. मला एकदम भीती वाटली. बारा दिवसांत पहिल्यांदा लक्षात आलं की हा खेळ मी जिंकूही शकते.

"ती तेरा खोकी उतरवायला किती वेळ लागेल?"

मुकादमाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "मावशी! ती पार केबिनला लागून आहेत. सगळा ट्रक रिकामा करावा लागेल. दोन तास कुठे गेले नाहीत."

मी वही त्याच्या हातात कोंबली आणि पडवी ओलांडून आत गेले. उंबऱ्यात थांबलेही नाही, नाहीतर परत फिरले असते.

"मी चाललेय गं," मी म्हटलं. "कायमची. तुला सांगायला तीनदा आले होते. सांगितलं असतं तर माझा पाय निघाला नसता, म्हणून नाही सांगितलं. चुकलं माझं. आता काय बोलायचं ते बोल."

तिने सुई कॉलरीत खोचली. शर्टाची घडी घातली. घडी चुकली, परत घातली. मग मात्र माझा ताबा सुटला.

"अगं, बोल ना! बारा दिवस झाले! आणि हे काय करून बसलीस? परकी माणसं घरात शिरून आख्खं स्वयंपाकघर उचलून नेतात आणि तू नुसती बघत बसतेस? एवढा कसला हट्ट तो? एक शब्द बोलली असतीस तर तुझ्या जिभेला काय फोड आला असता का?"

"हट्ट नव्हता," ती म्हणाली.

आवाज बसलेला होता. बारा दिवस मशीनखेरीज फारशी कोणाशी बोललीच नव्हती बहुतेक.

"मग काय होतं?"

ती माझ्याकडे न बघता रिकाम्या फळ्यांकडे बघत राहिली. "त्यांनी पहिला डबा काढला तेव्हा मी म्हणणारच होते, अरे ठेवा, ते माझं आहे. मग तो माणूस म्हणाला, काकू, यादीत दोन स्वयंपाकघरं आहेत, दोन्ही न्यायला सांगितलीयत." "मला वाटलं, तू सांगितलंस. म्हटलं, ही बया अशीच. जायचं ते सांगत नाही आणि न्यायचं तेही विचारत नाही, मलाही परस्पर उचलूनच नेतेय. आधी राग आला. मग मनात म्हटलं, मशीन तेवढं जपून न्या म्हणावं." तिने तोंडावरून हात फिरवला. "चार-पाच खोकी होईपर्यंत मला तसंच वाटत होतं. नंतर कळलं, यांची चूक झालीय. पण तोवर... बरं वाटत होतं गं. म्हणून बसले गप्प."

मी धपकन जमिनीवरच बसले. तिने पदराने आधी माझं तोंड पुसलं, मग स्वतःचं, आणि म्हणाली, "रडतेस काय, चहा टाकायला शेगडीसुद्धा ठेवली नाहीस."

तेवढ्यात मुकादम दारात आला. "मावशी, मग काय ठरलं? उतरवायचं का?"

"उतरवा," मी म्हटलं. "आणि ऐका हो, घाई करू नका. काचेचं सामान आहे. दोनाचे चार तास लागले तरी चालतील."