ताईंनी विणलेला निळा मोजा

मी लोकरीचा एक जुना मोजा आहे. एकटाच. मित्रांनो, एकटा मोजा दिसला की लोकांना वाटते, याचा जोडीदार धुण्यात हरवला असेल. माझा जोडीदार हरवला नाही. ज्या हातांनी तो विणला, त्याच हातांनी तो उसवला.

ते हात ताईंचे. आई-वडील लवकर गेले, तेव्हा ताईंनी मोज्यांच्या कारखान्यात दिवसदिवस उभे राहून धाकट्या भावाला शिकवले. तो मोठा अधिकारी झाला. थकल्यावर ताई त्याच्याकडे राहायला आल्या, स्वयंपाकघरामागच्या खोलीत. थंडीत भावाचे पाय बधिर होत. डॉक्टरांनी लोकरीचे मोजे घालायला सांगितले आणि ताईंनी सुया बाहेर काढल्या.

आम्ही निळे, अंगावर पांढरी पाने. असे दोन रंगांत विणताना आतून नेलेला धागा जरा ओढला गेला की मोजा आकसतो, सैल राहिला की त्यात बोट अडकते. माझ्या टाचेपाशी एक पान वाकडे आले. बुटात कोणाला दिसणार आहे, असे भाऊ म्हणाला. ताईंनी तरीही सगळी टाच उसवून पुन्हा विणली. पहिल्यांदा आमच्यात पाय घातले, तेव्हा भावाने सुखाने डोळे मिटून घेतले. मला वाटले, आपल्या जन्माचे सार्थक झाले.

पुढे एकदा भावाचे वरिष्ठ आणि त्यांच्या पत्नी चहाला आले. सर्वांनी बूट दाराशी काढले. बाईंची नजर आमच्यावर पडली. त्यांनी वाकून नक्षी पाहिली आणि हे कोणी विणले, असे विचारले. ताई चहाचा ट्रे घेऊन समोरच उभ्या होत्या. त्यांची ओळख अजून कोणी करून दिली नव्हती.

"दुकानातून आणलेत," भाऊ म्हणाला.

बाई ताईंकडे वळल्या. "मावशी, इथलं काम सांभाळून तुम्हाला असं विणायला जमेल का? माझ्यासाठी हवं होतं."

ताईंनी भावाकडे पाहिले. तो कपातली साखर ढवळत राहिला.

"नाही हो," ताई म्हणाल्या. "मला नाही येत."

दुसऱ्या दिवशी भाऊ कामावर गेल्यावर ताई खिडकीपाशी बसल्या. जोडीदाराच्या टोकाचा धागा त्यांनी कात्रीने कापला आणि ओढायला सुरुवात केली. पाने गेली, टाच गेली, काठही गेला. मग त्यांनी मला उचलले, टाचेवरच्या पानावरून बोट फिरवले आणि खाली ठेवले. संध्याकाळच्या आत पिशवी भरून त्या कारखान्यातल्या जुन्या मैत्रिणीकडे निघून गेल्या. तिथे मुलींना विणकाम शिकवू लागल्या.

भावाने मला कपाटाच्या तळाशी टाकले. कसरीने माझ्या काठाला भोके पाडली. पुढच्या थंडीत त्याने मला शोधून काढले आणि खिशात घालून ताईंकडे नेले. माझा जीव हरखला. हा आता माफी मागणार!

तो हवापाण्याचे बोलला. मग मला पुढे करून म्हणाला, "याचा जोड करून दे. पाय फार दुखतात."

ताईंनी मला हातात घेतले, काठाची भोके पाहिली आणि खुर्चीवर ठेवले.

"त्या दिवशी माझी बहीण आहे एवढं म्हणाला असतास," ताई म्हणाल्या, "तर हात चालतायत तोवर तुला विणून दिलं असतं."

जुने कशाला उकरून काढतेस, असे म्हणत भाऊ उठला. मला खुर्चीवरच विसरून गेला. तो पुन्हा आलेला नाही. ताई अजूनही दाराशी पावले वाजली की विणता विणता थांबतात. ते मला बघवत नाही.

मित्रांनो, लोकर गरम पाण्यात घालू नका, पिळू नका, सावलीत वाळवा. आणि तुमच्या अंगावर कोणाच्या हातचे काही असेल, तर चार माणसांत त्या माणसाकडे बोट दाखवून सांगा, हे यांनी केले आहे. ती व्यक्ती समोर उभी असेल, तेव्हा तर नक्कीच सांगा.