पुठ्ठ्याआड चिकटलेलं साल

मित्रांनो, मी एक जुना ग्रंथ आहे. ग्रंथ म्हटलं म्हणून लगेच हात जोडू नका. माझ्यात ना देव आहे, ना धर्म. माझ्यात युरोपातल्या रेल्वेगाड्यांच्या वेळा आहेत, चांगली पाचशे पानं भरून. कोणती गाडी कुठून सुटते, कुठे बदलायची, सरहद्दीवर पेट्या किती वेळ तपासतात, सारं आहे. मधोमध घडी घातलेला एक नकाशाही आहे.

माझा जन्म लंडनच्या छापखान्यातला. कोणत्या साली, ते मागाहून सांगतो, कारण सारा घोटाळा त्या सालाचाच आहे. एका जंगलसाहेबाने मला विकत घेतलं आणि आलापल्लीच्या बंगल्यात आणून ठेवलं. भर पावसात रस्ते बंद झाले की तो मला उघडायचा, नकाशावरून आपल्या गावापर्यंत बोट फिरवायचा आणि मिटून ठेवायचा. साऱ्या नोकरीत त्याने माझ्यातली एकही गाडी पकडली नाही. पुढे देश स्वतंत्र झाला, साहेब गेला आणि मी फळीवर राहिलो. वाळवीने माझे दोन्ही पुठ्ठे फस्त केले. तिला इंग्रजी येत नसलं तरी पचायला काही अडचण आली नाही.

शेवटी रद्दीच्या बैलबंडीतून मी चांद्याला आलो, इनायतभाई बाइंडरच्या दुकानात. तिथे १९५४ च्या उन्हाळ्यात मला मनसाराम भेटला.

मनसाराम हा तलावात जाळं टाकणाऱ्या ढीवराचा मुलगा. सिंदेवाहीला भाताच्या फार्मवर नोकरीला होता. त्याच्या साहेबांनी त्याची निवड केली होती, चार महिने इटलीत जाऊन तिथली भातशेती शिकायला. पासपोर्टचा फोटो काढायला तो चांद्याला आला आणि इनायतभाईंच्या ओट्यावर माझा नकाशा उघडा पडलेला पाहून जागीच थांबला. एक रुपयाला त्याने मला घेतलं आणि तिथेच बांधायला टाकलं.

इनायतभाईंची एक रीत होती. फाटक्या पुस्तकाचं पहिलं पान खळ लावून नव्या पुठ्ठ्याला आतून चिकटवायचं आणि वर कोरा कागद डकवायचा. त्याने पुठ्ठा मजबूत होतो. खळ लावण्याचं काम त्यांची बायको सुलतानाबी करायची. अशा तऱ्हेने माझं पहिलं पान पुठ्ठ्याच्या पोटात गेलं, आणि मी पुन्हा कोरा करकरीत दिसू लागलो.

आता मनसारामच्या डोक्यात काय होतं ते सांगतो. तो म्हणायचा, "येवढ्या दूर जाऊन येकच देश पाह्यचा? हे तं जत्रेत जाऊन येकच दुकान पाह्यल्यावानी झालं." त्याने अर्ज केला. परतीची बोट इटलीऐवजी लंडनहून घ्यायला परवानगी मिळाली. मात्र मधला रेल्वेखर्च त्याचा त्याने करायचा, आणि बोट चुकली तर दुसरं तिकीट मिळणार नाही. म्हणजे बोट चुकली की मनसाराम परक्या मुलखात अडकला, आणि इकडे त्याची म्हातारी आई देवकाबाई एकटी.

मग रोज संध्याकाळी तो मला मांडीवर घेऊन बसू लागला. इटली, स्वित्झर्लंड, फ्रान्स, बेल्जियम आणि मग लंडन. डबा तिसऱ्या वर्गाचा. मुक्काम शक्यतो चालत्या गाडीत, कारण रात्रीची गाडी म्हणजे फुकटची धर्मशाळा. सोबत पोहे, जवसाची चटणी आणि सुकट. देवकाबाईला धर्मशाळेची युक्ती पटेना. "बाबू, गाडीत झोपशीन तं उतरशीन कुठी?" ती विचारायची. मनसाराम माझं पान दाखवायचा. "पुस्तकात लिवलं हाय माय. सात वाजून बावीस मिंटं. येक मिनिट इकडचं तिकडं नाई."

एक गोष्ट मात्र त्याने माझ्यात नसलेली घातली. त्याची बहीण भामरागडकडे दिलेली. पावसात नदी चढली की तिकडची खबरबात पंधरा-पंधरा दिवस बंद. म्हणून आराखड्यात त्याने ऱ्होन नदीपाशी एक आणि सीन नदीपाशी एक, असे दोन दिवस पूर उतरण्यासाठी राखून ठेवले. फार्मवरची मंडळी पोट धरून हसली. तिथे लोखंडी पूल आहेत, हे त्याला माझ्या नकाशातही दिसत होतं. तरी तो म्हणाला, "नदी ते नदीच हाय."

बाकी साऱ्या आराखड्यात शब्द माझा होता. गावातली माणसं मला पाहायला येत, आणि एक मास्तर तर म्हणाले की असं पुस्तक साऱ्या जिल्ह्यात नसेल. मला माझं साल ठाऊक होतं, मित्रांनो. माझ्या गाड्यांवरून एक अख्खी लढाई गेली होती, हेही ठाऊक होतं. पुस्तकाला बोलता येत नाही, हे खरंच. पण बोलता आलं असतं तरी बोललो असतो का, याची मला शंका आहे. मान कोणाला नको असतो?

निघायला दीड महिना उरला, तेव्हा आराखड्याची वही शिवून घ्यायला मनसाराम चांद्याला आला. मी काखेत होतोच. इनायतभाईंना तो हौसेने सांगत होता, मिलानहून सकाळी दहा पाचला गाडी कशी सुटते ते. आत सुलतानाबी खळ ढवळत होती. ती पदराला हात पुसत पुढे आली.

"मनसारामभाऊ, एक बात बोलू? हे पुस्तक माह्या निकाहाच्या सालचं हाय. पान चिकटवलं तवाच आकडा पाह्यला होता मी. निकाहनाम्यावर बी तोच हाय."

इनायतभाई चिडले. "अगे, पुस्तकाचं साल काऊन पाह्यतं? पुस्तक का दूध हाय नासाले?"

"हे नासते भाऊ," मनसाराम हळूच म्हणाला. "हे गाड्याइचं पुस्तक हाय."

आपल्या हातची बांधणी उसवणं इनायतभाईंच्या जिवावर आलं. शेवटी सुलतानाबीनेच कोमट पाण्याचं फडकं पुठ्ठ्यावर ठेवलं, वरचा कागद सोलला आणि माझं पहिलं पान उजेडात आलं. त्यावर लिहिलं होतं: उन्हाळा, १९३८.

"सोळा वरसं," मनसाराम म्हणाला. "माही बोट गेली असती."

मला शरम वाटली. दुसरा शब्द नाही त्याला.

त्याच दिवशी त्याने मुंबईच्या एका प्रवास कंपनीला पत्र टाकलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. माझ्या भरवशावर धरलेल्या नऊ गाड्यांपैकी पाच बंद पडल्या होत्या. एका ठिकाणी लढाईत पडलेला पूल अजून बांधायचा होता, तिथे लांबचा वळसा होता. नव्या वेळांनी प्रवास दीड दिवसाने वाढत होता. मनसारामने वही उघडली, पुराचे दोन्ही दिवस खोडले आणि त्या जागी नव्या गाड्या लिहिल्या. बोटीच्या आधी अर्धा दिवस हातात उरला. मग फार्मवर कोणी हसलं नाही.

इनायतभाईंनी मला पुन्हा बांधलं, पैसे घेतले नाहीत. या वेळी त्यांनी आपली रीत मोडली आणि सालाचं पान पुठ्ठ्यावर बाहेरून डकवलं. मनसाराम मला घरी ठेवून गेला.

हिवाळ्यात त्याचं पत्र आलं. फार्मवरच्या बाबूने ते देवकाबाईला वाचून दाखवलं. "माय, बोट भेटली. मिलानच्या ठेसनावर येका म्हाताऱ्या हमालाले आपल्या जुन्या पुस्तकातली दहा पाचची गाडी मुद्दाम विचारली. मले वाटलं हासन. तो नाई हासला. म्हणे, त्या गाडीवर माहा भाऊ कामाले होता. लढाईत गाडी बी गेली अन् भाऊ बी गेला."

देवकाबाई मला फळीवरून खाली घेऊन पदराने पुसू लागली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की मी सांगत होतो त्या नुसत्या वेळा नव्हत्या.

म्हणून सांगतो मित्रांनो, आम्हा जुन्यांना जपा. वाळवी लागू देऊ नका, ओल लागू देऊ नका. पण आमच्या भरवशावर घराबाहेर पाऊल टाकण्याआधी आमचं साल विचारा. आम्ही ते आपणहून कधीच सांगत नाही.