बटणांच्या खणातून

मित्रांनो, मी एक जुने कानाचे यंत्र आहे. आकाराने शेंगदाण्याएवढे, पण एके काळी माझा रुबाब काही विचारू नका.

भिंगाखाली, बारीक चिमट्यांनी मला घडवले आणि मी एका शिंपीकाकांच्या उजव्या कानात आले. आठ वर्षे त्यांना धड ऐकू येत नव्हते. पहिल्याच दिवशी त्यांनी कापडावर कात्री चालवली आणि थबकले. "अगं, कात्रीचा आवाज येतोय," म्हणून लहान मुलासारखे हसले. मग काकूंना समोर बसवून म्हणाले, "बोल काहीतरी. काहीही बोल." काकूंना काही सुचेना, म्हणून त्यांनी किराणा सामानाची यादीच वाचली. काकांच्या डोळ्यांना धार लागली.

रोज संध्याकाळी काकू मला मऊ ब्रशने पुसत आणि विचारत, "आज नवं काय ऐकलंत?" काका आठवून आठवून सांगत. फरशीवर पडलेले बटण, जिन्यावरच्या चपला, उकळणारे पाणी. तो प्रश्न होता तोवर काकांना माझा कधी कंटाळा आला नाही.

पण माणसाला सुखाची सवय फार लवकर लागते. वर्षभरात ऐकू येणे ही साधी गोष्ट झाली, प्रश्न मागे पडला आणि माझी कटकट होऊ लागली. "टोचतं," म्हणून काकांनी मला बटणांच्या खणात टाकले. वाईट याचे वाटते, की उणिवेचीही सवय लागते. काका पुन्हा बहिरेपणात रुळले. काकू एकट्याच बोलायला शिकल्या. दर रविवारी माझा सेल मात्र त्या न चुकता बदलतात.

काल त्या काकांच्या शिलाई मशीनपाशी येऊन उभ्या राहिल्या. "अहो, सोमवारी घशाचं ऑपरेशन आहे. गाठ काढतील, पण आवाज राहील की नाही सांगता येत नाही म्हणाले."

काकांनी मान वर न करता म्हटले, "हो हो, ठेव तिथेच."

काकूंनी पुन्हा सांगितले नाही.

माझ्या जिवाचे पाणी पाणी झाले. मला ना हात, ना पाय. कशाला तरी चिकटून पडले की शिट्टी तेवढी वाजते. मी खणाच्या कडेला टेकून जीव तोडून वाजले. काकांना ते कसे ऐकू जाणार? आल्या त्या काकूच. मला तळहातावर घेऊन त्या काकांच्या पाठीकडे बघत राहिल्या. घाला मला त्यांच्या कानात, मी मनातल्या मनात टाहो फोडत होते.

"राहू दे. झालीय आता सवय," त्या पुटपुटल्या आणि त्यांनी खण लावला.

आज शनिवार आहे, मित्रांनो. तुमच्या घरातला जो आवाज तुम्हाला पाठ झाला आहे, तो आज नव्याने ऐका. आणि तुमच्यापैकी कुणाचे कपडे या शिंपीकाकांकडे शिवायला असतील, तर हातातले काम टाकून आत्ता निघा. बटणांचा खण डाव्या हाताला आहे, वरून दुसरा.