मावशीसाठी एक बटण

दिवसभर दुकानात मी लोकांचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करते. त्यामुळे मावशीसाठी गाण्यांचा डबा बनवणं म्हणजे माझ्या हातचा मळ, असं मीच घरभर सांगून बसले होते. नको तिथे तोंड उघडायची खोडच आहे मला.

मावशी हल्ली माणसं विसरायची, जेवलेलं विसरायची. पण गाणं लागलं की मान डोलायची, शब्द न चुकता ओठांवर यायचे आणि त्या भरात चार घास पोटात जायचे. गाणं नसलं की तोंड घट्ट मिटलेलं. वहिनी, म्हणजे तिची सून, ताट घेऊन विनवण्या करून थकायची. मावशीचे दंड काडीसारखे झाले होते. मोबाइल हातात दिला तर ती तो कानाला लावून हॅलो हॅलो करत बसायची.

म्हणून जुन्या स्पीकरच्या पेटीत मी छोटा बोर्ड बसवला, तिच्या आवडीची गाणी भरली आणि वर एकच मोठं लाल बटण लावलं. दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. यापेक्षा सोपं हवं असेल तर ताटलीच वाजवा म्हणावं.

मावशीने बटण दाबलं, गाणं लागलं, चेहरा खुलला. वहिनी घास घेऊन पुढे झाली. तेवढ्यात मावशीने आतल्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं आणि पटकन बटण दाबून टाकलं. दर वेळी हेच. मी आवाज कमी केला, तरी तेच. शेवटी वैतागून बटणच काढलं. जेवणाच्या वेळेला डबा आपोआप वाजेल, बघू कशी बंद करते ते!

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले तर मावशीने डब्याला शाल गुंडाळून वर उशी दाबून धरली होती. मला बघून तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. काका रात्रपाळी करून आलेत. आत्ता कुठे डोळा लागलाय."

काकांना जाऊन कितीतरी वर्षं झाली. पण जन्मभर त्यांनी रात्रपाळी केली, आणि त्या घरात दिवसा आम्ही पोरं कुजबुजतच मोठी झालो. मला हे आठवायला नको होतं का? वहिनी हळूच म्हणाली की तिने एकदा खरं सांगून पाहिलं होतं. मावशी नव्याने विधवा झाल्यासारखी दिवसभर रडली, आणि सकाळी उठून पुन्हा दबक्या पावलांनी चालायला लागली.

मग मला युक्ती सुचली. मी आतल्या खोलीत गेले, तिथल्या मोरीतला नळ सोडला, दार उघडं टाकून बाहेर आले.

"काका उठलेत, मावशी. वाजू दे आता गाणं."

तिने स्वतःच्या हाताने शाल काढली. गाणं मोकळं झालं आणि मावशी गायला लागली. मला वाटलं, जिंकले. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने घास उचलला.

मावशीने तिचा हात धरला, ताट उचललं आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे नीट ठेवलं.

"आधी त्यांचं होऊ दे. मग मी."

आणि ती गुणगुणत उघड्या दाराकडे बघत बसली. आम्ही दोघीही तिकडेच बघत होतो. आत नळ वाहत होता.